19-19 झालं की हात माझा राहत नाही: गोव्यातल्या साखळी गावच्या एका बॅडमिंटनपटूला उत्तर

पत्र असं आलंय (थोडं कमी केलंय):

"ताई, नमस्कार. मी साखळीची, वय 17, यंदा बारावीला. नऊ वर्षांची असल्यापासून बॅडमिंटन खेळते. प्रॅक्टिसला सगळं येतं, सिनियर मुलींना पण हरवते, पण मॅचमध्ये 17-17, 18-18 झालं की छातीत एवढं धडधडतं की समोरच्या मुलीला ऐकू जात असेल असं वाटतं. हात गार पडतात, शॉर्ट सर्व्ह नेटमध्ये जाते आणि मग राग येतो. गेल्या स्पर्धेत रॅकेट आपटली, यलो कार्ड मिळालं, पुढचे चार पॉइंट कसे गेले ते आठवतच नाही. सर म्हणतात तुझं मन कमजोर आहे. पप्पांनी स्मार्ट घड्याळ घेऊन दिलं त्यात माझा एचआरव्ही (दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्याचा आकडा) 38 दाखवतो, मैत्रिणीचा 90. रात्री झोपताना पण तोच आकडा डोक्यात. माझं हार्ट वीक आहे का? चुलतभाऊ म्हणतो मॅचच्या आधी आजोबांची बीपीची अर्धी गोळी घे, हात थरथरत नाहीत. घेऊ का?"

बाय, पहिलं गोळीचंच बोलते कारण बाकी सगळं नंतर वाचलंस तरी चालेल, हे आत्ताच वाच. नको घेऊस. अर्धी नको, पाव पण नको. तुझा चुलतभाऊ बहुतेक बीटा ब्लॉकर जातीच्या गोळीबद्दल बोलतोय, प्रोप्रानोलोल वगैरे, त्याने थरथर कमी होते हे खरं आहे, म्हणूनच तर नेमबाजी आणि तिरंदाजीत या गोळ्यांवर बंदी आहे आणि 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू या नेमबाजाची दोन पदकं याच प्रोप्रानोलोलमुळे काढून घेतली होती. पण नेमबाज एका जागी उभा असतो. तुला कोर्टभर पळायचं असतं, लांब रॅलीत तुझे ठोके 180 च्या वर जायलाच हवेत, आणि ही गोळी नेमकं तेच अडवते, म्हणजे हात स्थिर आणि पाय शिशाचे. शिवाय कुणाला दमा असेल तर श्वासनळी आवळते, बीपी एकदम खाली आलं तर चक्कर. आजोबांना डॉक्टरांनी त्यांचं वय, त्यांचं बीपी बघून दिलीय ती. त्यांच्या डब्यातच राहू दे.

आता तुझं हार्ट. वीक आहे का विचारतेस, तर तू लिहिलेल्या गोष्टींवरून मला तसं काहीच दिसत नाही. फक्त एक विचारून ठेवते, खेळताना कधी शुद्ध हरपलीय का, छातीत दुखलंय का, बसल्या बसल्या उगाच ठोके उलटेसुलटे पळायला लागतात का, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का? यातलं एकालाही हो असेल तर श्वासाबिसाचं सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढून घे, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जा नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला विचार, पण जा. सगळ्याला नाही असेल तर पुढे वाच.

तू साखळीची म्हणजे चोर्ला घाट तुला सांगायला नको. वरून स्कूटर उतरवताना एक्सलेटर देतो का आपण? नाही, उतारच गाडीला ओढतो आणि आपण सगळा वेळ ब्रेकवर हलका हात ठेवून असतो. तुझं हृदय तसंच आहे. त्याला येणाऱ्या सगळ्या नर्व्ह काढून घेतल्या तरी ते आपलं आपण मिनिटाला साधारण 100 ठोके मारत राहील, ती त्याची उताराची गाडी. मग तू शांत बसलेली असताना ठोके 65-70 कसे? कारण मेंदूतून निघून मानेतून खाली उतरणारी वेगस नावाची एक नर्व्ह सतत ब्रेकवर हात ठेवून असते. वळण मोकळं दिसलं की तू ब्रेक जरा सैल सोडतेस आणि स्कूटर लगेच पळते, तसंच काही महत्त्वाचं समोर आलं की मेंदू हा ब्रेक सैल करतो आणि ठोके वाढतात. हे क्षणात होतं, एकदोन ठोक्यांत. त्याच्या मागून, काही सेकंदांनी, दुसरी यंत्रणा येते, अॅड्रेनलिनवाली, ती खरोखरच एक्सलेटर पिळते आणि रक्त हातापायाच्या कातडीतून काढून मोठ्या स्नायूंकडे पाठवते. तुझे हात गार पडतात ते यामुळे. मन कमजोर म्हणून नाही, शरीर पळायला तयार होतंय म्हणून.

वेगसचं हे काम कसं कळलं त्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. ओटो लोवी नावाचे एक शास्त्रज्ञ होते, त्यांना रात्री झोपेत एक प्रयोग सुचला, उठून कागदावर खरडला आणि परत झोपले, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री परत तेच सुचलं, या वेळी झोपले नाहीत, थेट लॅबमध्ये गेले. दोन बेडकांची दोन हृदयं, दोन्ही द्रावणात धडधडतायत. पहिल्याच्या वेगसला विजेचा झटका दिला, ते मंद झालं. मग पहिल्याभोवतीचं द्रावण घेऊन दुसऱ्यावर ओतलं, त्याला तर कुणी हात लावला नव्हता, ते पण मंद झालं. म्हणजे नर्व्ह काहीतरी रसायन सोडते आणि ते हृदयाला हळू हो म्हणून सांगतं. हे 1921 मध्ये छापून आलं, 1936 ला नोबेल मिळालं. त्या रसायनाला आज आपण असेटिलकोलीन म्हणतो. बाय, 19-19 ला तू स्वतःला "शांत हो, शांत हो" असं ओरडून सांगतेस ना मनात, ते हृदयापर्यंत पोचत नाही, त्याला हे रसायन पोचवावं लागतं. आणि ते पोचवायची एक वाट तुझ्या हातात आहे, श्वास.

आत्ता करून बघ. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली ठेव, नाडी सापडू दे, घाई नको. आता नाकाने सावकाश श्वास घे, 4 मोजेपर्यंत. मग पेज गरम असली की वाटीवर फुंकतो ना तशी, ओठ जरा आवळून, 6 मोजेपर्यंत सोड. दोनतीन वेळा कर आणि फक्त बोटांकडे लक्ष ठेव. श्वास घेताना ठोके जवळजवळ येतील, टकटकटक, आणि सोडताना लांब लांब जातील, टक... टक... पहिल्यांदा कळलं की अंगावर काटा येतो खरंच, मी शाळेत शिकवते तिथे मुलांना हे करायला लावते तेव्हा दंगा करणारा वर्ग पण चिडीचूप होतो. श्वास आत जाताना वेगसचा हात ब्रेकवरून सुटतो, बाहेर जाताना परत बसतो. दोन ठोक्यांमधलं अंतर असं कमीजास्त होत राहतं त्यालाच तुझं घड्याळ एचआरव्ही म्हणतं. ठोके घड्याळाच्या काट्यासारखे एकसारखे पडणं म्हणजे चांगलं हृदय असं आपल्याला वाटतं पण उलट आहे, अंतर हलतं राहणं म्हणजे ब्रेक जिवंत आहे.

मग 38 चं काय? काहीही नाही. मैत्रिणीचं घड्याळ कुठल्या कंपनीचं आहे ते विचार आधी. ॲपलचं घड्याळ एसडीएनएन नावाच्या पद्धतीने आकडा काढतं आणि बाकीची बरीच घड्याळं आरएमएसएसडीने, दोन वेगळी गणितं आहेत, एक दिवसा अधूनमधून मोजतं तर एक रात्रभर झोपेत, त्यामुळे तिचे 90 आणि तुझे 38 म्हणजे आंब्याचं वजन आणि फणसाची लांबी. आणि दोघींची घड्याळं सेम असली तरी हा आकडा माणसामाणसात प्रचंड वेगळा असतो, जन्मतःच, आणि 38 वाली मुलगी 90 वालीला आरामात हरवू शकते. तुला बघायचाच असेल तर स्वतःचा सात दिवसांचा सरासरी आकडा बघ आणि तो तुझ्याच मागच्या महिन्याशी लाव. झोप कमी झाली, ताप येणार असला, परीक्षेचं टेन्शन, मे महिन्यातल्या घामाने अंगातलं पाणी गेलं, तर खाली येतो. पाळी यायच्या आधीच्या आठवडा-दहा दिवसांत पण बऱ्याच मुलींचा खाली येतो, हे कुणी मुलींना सांगत नाही आणि मग त्या घाबरतात, म्हणून वहीत पाळीची तारीख पण लिहित जा म्हणजे कळेल. पण झोपताना आकडा डोक्यात येतोय म्हणालीस ना, मग पुढचे दोन आठवडे घड्याळ रात्री काढून कपाटात ठेव. झोप मोजायच्या नादात झोप जाणं हा फार वाईट सौदा आहे.

आता मुख्य गोष्ट, जी तुझ्या सरांनी पण वाचावी असं मला वाटतं. धडधड होणं हा प्रॉब्लेमच नाहीये. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 2021 ला, तिरंदाजीच्या वेळी टीव्हीवर खेळाडूंचे ठोके दाखवत होते, आठवत असेल तुला. महिलांच्या वैयक्तिक फायनलला बरोबरी झाली, एकेक बाण, जिचा मध्याच्या जास्त जवळ तिचं गोल्ड. कोरियाची आन सान, तिचे ठोके 118 च्या आसपास, समोरच्या येलेना ओसिपोव्हाचे 167. आन सानने 10 मारला, ओसिपोव्हाने 8. सगळे 167 बद्दल बोलले, मला मात्र 118 कडे बघावंसं वाटतं. शांत उभ्या असलेल्या तरुण खेळाडू मुलीचे ठोके 118 म्हणजे कमी नाहीत गं! तिचं पण धडधडत होतं, ऑलिम्पिकचं गोल्ड होतं समोर, का नाही धडधडणार. फरक एवढाच की तिचा ब्रेक पूर्ण सुटला नव्हता.

म्हणून तू धडधड थांबवायच्या मागे लागू नकोस, ती थांबणार नाही आणि थांबली तर तू खेळू पण शकणार नाहीस. आपल्याला परत यायला शिकायचंय. वर गेलं की किती लवकर खाली येतेस, मन भरकटलं की किती लवकर शटलवर परत येतं, राग आला की रॅकेट आपटायच्या आधी तो दिसतो का. हे सावरणं आणि वेगसचा ब्रेक, दोन्हीच्या दोऱ्या मेंदूत एकाच भागात जाऊन मिळतात, कपाळामागचा भाग, जो विचार करतो, थांब म्हणतो. ज्युलियन थेअर आणि रिचर्ड लेन या दोघांनी 2000 साली हे नीट मांडलं. कपाळामागचा भाग भीतीच्या केंद्रावर लगाम ठेवतो तेव्हा ब्रेक पण लागलेला असतो, आणि भीती वरचढ झाली की दोन्ही एकदम सुटतात. म्हणून तुला ते चार पॉइंट आठवत नाहीत. खोटं बोलत नव्हतीस, खरंच त्या वेळी विचार करणारी बाई कोर्टवर नव्हती.

आणि हा ब्रेक सरावाने सुधारतो, फूटवर्कसारखा. यात माझा पूर्ण विश्वास आहे, मी मुलांमध्ये बघितलंय. शास्त्रीय बाजूने सांगायचं तर खेळाडूंवरचे बरेच अभ्यास लहान लहान गटांवरचे आहेत, त्यात घाबरणं कमी झाल्याचं बऱ्यापैकी दिसतं, खेळ किती सुधारला यावर उत्तरं मागेपुढे आहेत, त्यामुळे कुणी महागडं मशीन विकायला आलं की लगेच पप्पांना पैसे काढायला लावू नकोस. श्वास फुकट आहे.

4 आत 6 बाहेर म्हणजे 10 सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. सहाच्या आसपासच का, तर मानेतल्या रक्तवाहिनीत बीपी मोजणारे छोटे सेन्सर असतात, बीपी वाढलं की ते ठोके कमी करायला सांगतात, पण निरोप जाऊन परिणाम व्हायला सुमारे 5 सेकंद लागतात. म्हणजे वर-खाली असा एक पूर्ण झोका 10 सेकंदांचा. आता आंब्याला बांधलेला झोपाळा आठव, त्याच्या लयीत धक्का दिला तर दोन बोटांनी उंच जातो, लय चुकवून कितीही ताकद लाव, अडखळतो. श्वास 10 सेकंदांचा केला की तो बरोबर त्या झोक्याच्या लयीत बसतो आणि ब्रेकचा व्यायाम सगळ्यात जास्त होतो. प्रत्येकाची लय थोडी वेगळी, कुणाची साडेचार श्वासांची, कुणाची साडेसहा. रशियात एवगेनी वासचिल्लो यांनी हे अंतराळवीरांबरोबर काम करताना पाहिलं, नंतर अमेरिकेत पॉल लेहरर यांच्याबरोबर त्याची शिकवायची पद्धत बसवली.

पण मला विचारशील तर आपल्याकडे हे कुणी न शिकवता होतं. माझं लहानपण म्हापशाजवळच्या वाड्यावर गेलं, संध्याकाळी दिवा लावून आजी जपाची माळ घेऊन बसायची आणि त्याच वेळी शेजारच्या ख्रिस्ती घरातून तेर्साचा, म्हणजे त्यांच्या जपमाळेच्या प्रार्थनेचा, आवाज यायचा, एकाने नमान मारिये म्हणायचं, बाकीच्यांनी उरलेलं पुरं करायचं, आवाज लाटेसारखा चढायचा आणि उतरायचा. कितीतरी वर्षांनी वाचलं की इटलीत पाव्हियाच्या लुचियानो बर्नार्दी यांनी 23 जणांना लॅटिनमधला आवे मारिया, म्हणजे तेच नमान मारिये, आणि "ॐ मणि पद्मे हूँ" मंत्र म्हणायला लावून श्वास, ठोके, बीपी मोजलं, 2001 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलंय ते, आणि दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. वाचलं तेव्हा मला आजीचा आणि शेजारच्या घरचा तो आवाज एकदम एकत्र ऐकू आला. तुला मोजत बसायचा कंटाळा आला तर तुझ्या घरी जे म्हणतात ते म्हण, लांब ओळीचं, सावकाश. चतुर्थीला आरत्या म्हणताना पण बघ, शेवटचा स्वर ओढताना पोट कसं आत जातं, तोच श्वास.

तर करायचं काय. सकाळी उठल्यावर 10 मिनिटं आणि रात्री अंथरुणात 10 मिनिटं, 4 आत 6 बाहेर. पोट फुगू दे, खांदे वर जायला नको. श्वास खोल खेचायचा नाही, हे फार महत्त्वाचं आहे, सगळे इथेच चुकतात, मोठ्ठा श्वास घेतात आणि मग डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. श्वास नेहमीएवढाच, फक्त सावकाश. मुंग्या आल्या तर समज जास्त घेतेयस, कमी कर. आणि पोहायला जात असशील तर पाण्यात श्वास रोखायचे प्रयोग अजिबात नाही, त्याने पाण्यातच शुद्ध जाऊ शकते. आठवडाभराने 5 आत 6 बाहेर, 5 आत 7 बाहेर असं करून बघ, ज्यात मनगटावर ठोक्यांचा फरक सगळ्यात जास्त कळतो आणि श्वासाला तहान लागत नाही ती तुझी लय. पहिले दोन आठवडे काहीच फरक पडला नाही असं वाटेल. वाटू दे. पहिल्या दोन आठवड्यांत बॅकहँड तरी कुठे बसला होता?

तिसऱ्या आठवड्यापासून कोर्टवर ने. आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात, अंथरुणात शांत व्हायला शिकतात आणि मॅचला म्हणतात काही उपयोग नाही. अंथरुणात 19-19 नसतं ना. शटल रन (कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची पळापळ) संपलं, ठोके 180 ला, लगेच वाकून गुडघ्यावर हात न ठेवता चालत चालत, आधी दोन नेहमीचे धापेचे श्वास येऊ दे, त्यांना अडवू नकोस, शरीराला हवा लागते, मग हळूहळू बाहेरचा श्वास लांबव. एका मिनिटात ठोके कितीवर आले ते वहीत लिही. पहिल्या मिनिटातली ही घसरण बरीचशी वेगस परत ब्रेकवर बसल्यामुळे होते, त्यामुळे तुझ्या घड्याळाचा खरा उपयोग इथे आहे. त्याच ड्रिलनंतर, त्याच वेळी, आठवड्यातून एकदा. मनगटावरची घड्याळं खेळताना हात हलतो म्हणून चुकतात, कुणाकडे छातीचा पट्टा असेल तर बरं, नसेल तर मानेवर बोटं ठेवून 15 सेकंद मोज आणि चारने गुण.

मग खरं प्रेशर आण. प्रॅक्टिस मॅच 0-0 ला सुरूच करू नका, 18-18 ला सुरू करा, हरेल तिने सगळ्यांना रस ऑम्लेट खाऊ घालायचं. ज्युनियर मुलांना कोर्टच्या कडेला बसवून ओरडायला सांगा. तुझं धडधडायला पाहिजे, नाही धडधडलं तर तो सराव नाही. आणि शॉर्ट सर्व्ह गार हातांनी मारायचा सराव कर, बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून काढ आणि मार. हे मी मुद्दाम सांगतेय कारण अॅड्रेनलिन एकदा रक्तात आलं की ते उतरायला काही मिनिटं जातात, श्वासाने ठोके खाली येतील पण हाताची बारीक थरथर थोडी राहीलच, मग तू "श्वास केला तरी थरथरतंय" म्हणून परत घाबरशील. घाबरू नकोस. थरथरत्या हाताने पण सर्व्ह जाते, पकड सैल हवी फक्त. घाबरलं की अंगठा रॅकेटवर दाबला जातो आणि शटल नेटला जातं. सर्व्हच्या आधी एकदा मूठ घट्ट आवळून सोड, मग पकड.

मॅचमध्ये वेळ किती मिळतो बघ. कुणाचे 11 पॉइंट झाले की 60 सेकंद, दोन गेमच्या मध्ये 120. पॉइंट्सच्या मध्ये काही सेकंदच, अंपायर खेळ लांबवू देत नाही. म्हणून पॉइंट गेला की पाठ फिरव, शटल घ्यायला चालत जा, नजर रॅकेटच्या तारांवर, एक लांब श्वास बाहेर, फक्त एक, आणि परत वळताना पुढची सर्व्ह कुठे टाकणार तेवढंच ठरव. शटल कुणाकडे का असेना, हेच, जिंकलेल्या पॉइंटनंतर पण हेच, कारण फक्त हरल्यावर केलंस तर तुझ्या शरीराला श्वास म्हणजे संकट असं वाटायला लागेल. 11 च्या ब्रेकला सरांना आधीच सांगून ठेव, पहिली 30 सेकंद मला काही सांगू नका, पाणी द्या फक्त. तीन श्वास होतात त्यात. उरलेल्या 30 सेकंदांत त्यांनी एकच गोष्ट सांगायची. ठोके 170 ला असताना पाच सूचना डोक्यात शिरत नाहीत, हे सरांना पण माहीत असेल, ते पण कधीतरी खेळलेत.

राग. राग वाईट नाही पण यलो कार्डनंतर परत तेच केलंस तर रेड येतं आणि रेड म्हणजे समोरच्या मुलीला पॉइंट फुकट. तुझा राग कुठून सुरू होतो ते शोध. माझ्याकडे एक मुलगा होता फुटबॉलचा, गोलकीपर, गोल खाल्ला की बोलायला लागायचा, डिफेंडरला, रेफरीला, पोस्टला. विचारलं तर म्हणाला टीचर आधी कान गरम होतात. बस, कान गरम झाले की ग्लोव्हजची पट्टी उघडून परत लावायची आणि ती लावेपर्यंत श्वास सोडायचा असं आम्ही ठरवलं. एक सीझन गेला त्यात. तुझं काय आधी होतं, जबडा आवळतो? डोळे भरून येतात? ते ओळखलंस की तुला दोन सेकंद मिळतात, आणि दोन सेकंदात एक श्वास बाहेर जातो.

खाण्यापिण्याचं फार बोलत नाही. मॅचच्या आधी कॉफी नको, उपाशी जाऊ नकोस, रात्री परीक्षेचा अभ्यास करून पहाटेची प्रॅक्टिस असं रोज केलंस तर कुठलाच श्वास कामाला येणार नाही. बारावी आणि खेळ दोन्ही आहेत तर आठवड्यातली एक पहाट झोपेला दे, सरांशी बोलून.

आणि सरांशी बोलायचंच आहेस तर ते "मन कमजोर" पण काढ. भांडायला नाही. त्यांना म्हण, सर, प्रॅक्टिसला येतं म्हणजे खेळ आहे, 18 नंतर जातं म्हणजे तेवढाच भाग शिकायचा राहिलाय, तर तो शिकवा. बहुतेक कोच चांगले असतात गं, त्यांना पण कुणी हे शिकवलेलं नसतं, त्यांच्या वेळी "घाबरायचं नाही" एवढंच सांगत. पप्पांना घड्याळाबद्दल थँक्यू म्हण, त्यांनी काळजीनेच आणलं, फक्त सांग की सकाळी उठल्या उठल्या "आज किती आला" असं विचारू नका.

मला आठ आठवड्यांनी परत लिही. एचआरव्ही नको पाठवूस. शटल रननंतर एका मिनिटात ठोके कितीवर येतात ते पहिल्या आठवड्याचं आणि आठव्या आठवड्याचं पाठव, आणि 18-18 ला सुरू केलेल्या गेममध्ये दहापैकी किती शॉर्ट सर्व्ह नेटच्या वरून गेल्या ते. आणि रस ऑम्लेट किती वेळा तुला द्यावं लागलं ते पण.

तुझी ताई